गुलाबांना दिलेला ताण

माझ्या वडिलांनी माझे गुलाब कसे मारले, ही गोष्ट मी आजवर पुष्कळ लोकांना सांगितली आहे. कचेरीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला सांगितली, एकदा तर पुलगावच्या बसमध्ये दांडीला धरून उभ्याउभ्या सांगितली. लोक हसायचे. कुठे थांबायचं, वडिलांचा आवाज कुठे काढायचा, सगळं मला पाठ झालं होतं. गोष्ट खोटी नव्हती. पण सांगताना जे मी दर वेळी गाळत आलो, तेच खरं सांगायचं होतं असं आता वाटतं. म्हणून ते लिहायला बसलो आहे.

आमचं गाव आर्वीच्या पुढे, कारंज्याकडे जाताना लागतं. तिथे वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता. संत्र्याचं झाड आपल्याला हवं तेव्हा आणि अंगभर फुलवायचं तर आधी त्याला छळावं लागतं. पाणी तोडायचं, बुडाशी खणून मुळ्या उन्हात उघड्या करायच्या. पानं मलूल होऊन गळायला लागली की मग शेणखत घालून माती ओढायची आणि पाणी सोडायचं. मरणाच्या दारातून परत आलेलं झाड असं काही फुलतं की फांदी दिसत नाही. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. उन्हाळ्यात ताण दिला तर मृगात फूल येतं, तो मृग बहार. पण ताण कमी पडला तर फूल येत नाही आणि जास्त झाला तर झाडच जातं. किती द्यायचा हे वडील पान बोटांत चुरगळून, कधी कानाजवळ नेऊन ठरवत. आसपासचे बगीचेवाले त्यांना बोलावून न्यायचे. वडील एका झाडाजवळ उभे राहायचे, पान चुरगळायचे आणि म्हणायचे, "अजून दोन दिस थांब." एवढंच. समोरचा माणूस दोन दिवस थांबायचा.

मी त्यांचा धाकटा मुलगा. सत्तर सालानंतर लवकरच मला वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि मी बगीच्यातून सुटलो. सुटलो हाच शब्द तेव्हा माझ्या मनात होता. पुढे लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि वर्ध्यातच आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पुढे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे शेजारच्या मास्तरांचं क्वार्टर, मागे एक कडुलिंब आणि नळ.

पुढच्या जागेत मी गुलाब लावले. गावठी गुलाबावर डोळे बांधलेली ती कलमं मी नागपूरहून एकेक करून आणली होती. लाल, पिवळा, आणि एक असा गुलाबी की ज्याच्या पाकळीची कड तेवढी पांढरी. हिवाळ्यात छाटणी, दर रविवारी खुरपणी, पाण्यात भिजवलेली शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड. माझ्या बायकोनं दाराजवळ मोगरा लावला होता, कुंड्यांत शेवंती होती, कोपऱ्यात जास्वंद. पण ती झाडं घरची होती आणि गुलाब माझे होते. कचेरीत टेबलावर पेल्यात मी रोज एक फूल ठेवत असे. मोठे साहेब जाताना थांबून वास घेत. शेतकऱ्याच्या घरचा पोरगा असूनही मला ही आवड आहे, असं कोणीतरी एकदा म्हणालं होतं आणि त्या वाक्यातलं 'असूनही' मला फार आवडलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं होतं.

ऐंशीनंतर आमच्या भागात संत्र्यावर कोळशी आली. पानावर काजळी धरावी तशी काळी बुरशी चढते आणि झाड हळूहळू खंगतं. त्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. थोरल्या भावानं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग बगीचा तोडून तिथे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली. त्याचं काही चुकलं नाही. झाडं तोडत होते तेव्हा वडील धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होते असं वहिनीनं मला नंतर सांगितलं. आई त्याआधीच गेली होती. मी गावी गेलो, वडिलांना म्हटलं, "चला बाबा माझ्यासंग, इथं आता तुमाले काय काम आहे?" हे मी मायेनं बोललो होतो. काम नाही, हीच गोष्ट त्यांना खात होती, आणि मी तीच त्यांच्या तोंडावर बोललो हे माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्ध्यात ते पहाटेच उठायचे. खांद्यावर दुपट्टा टाकून पुढच्या अंगणात फेऱ्या मारायचे. आठ पावलांत अंगण संपायचं, मग वळायचे. गुलाबांना त्यांनी कधी हात लावला नाही. नुसते बघायचे. एकदा मी खुरपत होतो तेव्हा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"एवढं करतं तू, तं फुलं किती येते?"

"येते ना बाबा. रोज चार-पाच."

"चार-पाच," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. पण बगीच्यात ज्या माणसानं एका वेळी सगळी झाडं पांढरी झालेली पाहिली, त्याला माझ्या चार-पाच फुलांची कीव आली असावी.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मला कचेरीच्या कामाचं प्रशिक्षण घ्यायला नागपूरला जावं लागलं, दोन-अडीच आठवड्यांसाठी. मुलीला सुट्टी होती, म्हणून बायको तिला घेऊन अल्लीपूरला माहेरी गेली. जेवणाचं शेजारच्या मास्तरांकडे ठरवून दिलं. निघताना मी पिशवी उचलली आणि वडिलांना म्हटलं, "बाबा, झाडं तुमच्यावर सोडून चाललो."

"जाय तू," ते म्हणाले. "पाहतो मी."

रोज संध्याकाळी पाणी टाका, एवढं वाक्य मी बोललो नाही. जन्मभर ज्यानं झाडं जगवली त्याला पाणी टाका म्हणून काय सांगायचं, असं मला वाटलं. ते त्यांचा मान ठेवणं होतं. आणि त्यांना वाटलं, मुलानं आपल्यावर बगीचा सोपवला.

मी परत आलो ती भर दुपार होती. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं हे तिथल्या माणसाला सांगायला नको. फाटक उघडलं आणि मला आधी वाटलं की घर चुकलं. प्रत्येक गुलाबाच्या बुडाशी हातभर खड्डा होता आणि खड्ड्यात मुळ्या नागड्या पडलेल्या होत्या. वाळलेल्या, राखाडी. पानं अर्धी गळून जमिनीवर पसरली होती, उरलेली झाडावरच कागदासारखी वाजत होती. खड्डे मात्र फार नीट काढलेले होते. माती गोल ओळीनं बाहेर रचलेली, एकही जाड मुळी कापलेली नाही. मोगऱ्यालाही तसंच केलं होतं.

वडील आवाज ऐकून बाहेर आले. इतके दिवस वर्ध्यात होते, पण त्यांचा चेहरा तसा मी पाहिला नव्हता. उजळला होता.

"आलास का? हातपाय धू अन् मंग ये. दाखवतो तुले."

"बाबा, हे काय?"

"ताण देल्ला," ते म्हणाले. त्यांनी वाकून एक पान तोडलं, चुरगळलं आणि तळहातावरचा चुरा माझ्यापुढे धरला. "पाह्य. आलाच आहे आता. मिरगाच्या आंधी ताण तोडतो अन् पाणी देतो. मंग पाह्यजो तू. चार-पाच नाई, पान दिसनार नाई."

गावी काय किंवा घरी काय, मी त्यांच्याशी आमच्याच बोलीत बोलत असे. त्या दुपारी माझ्या तोंडून कचेरीतली भाषा बाहेर पडली.

"तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं? हे गुलाब आहेत, संत्री नाहीत. माणसाला ज्यातलं कळत नाही त्यात त्यानं हात घालू नये. एवढी साधी गोष्ट आहे."

मी आणखीही बोललो. किती लांबून ही कलमं आणली, किती वर्षांची मेहनत. माझा आवाज चढला होता, कारण शेजारचे मास्तर बनियनवरच बाहेर आले आणि कुंपणाला टेकले. मास्तर मनानं वाईट नव्हते. त्यांना थट्टेची सवय होती.

"अरे बाप्पा!" खड्डे बघून ते म्हणाले. "मी रोज पाहून राह्यलो, म्हटलं काकाजी काय खोदते? मले वाटलं खत टाकते. काय काकाजी, गुलाबाले संत्रे आनून राह्यले का?"

आणि ते हसले. मी त्या वेळी गप्प राहू शकलो असतो. घरात जाऊ शकलो असतो. मी त्यांच्याबरोबर हसलो आणि म्हणालो, "त्यांनाच विचारा, मास्तर. पुढच्या महिन्यात व्यापारी घेऊन या, बोली लावायला."

आमच्याकडे बगीच्याचा बहार झाडावरच विकतात. व्यापारी येतात, झाडाखालून फिरतात, बोली लागते. त्या दिवशी वडील पांढरं धोतर नेसायचे आणि एकही शब्द न बोलता व्यापाऱ्यांच्या मागून चालायचे, कारण झाडंच बोलत होती. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. म्हणूनच नेमकं तेच वाक्य मला सुचलं.

वडिलांनी तळहातावरचा चुरा खाली झटकला. "चुकलं मायं," ते म्हणाले. "मले वाटलं..." ते नळाजवळची बकेट घेऊन भरायला लागले. मी जाऊन ती त्यांच्या हातातून घेतली. "राहू द्या. एकदम पाणी पडलं तर उरलीसुरलीही जातील."

हे बरोबर होतं. त्या दुपारी मी जे जे बोललो ते सगळं बरोबरच होतं. गुलाबाला संत्र्यासारखा ताण देत नाहीत, कलम केलेला गुलाब मे महिन्यात मुळ्या उघड्या टाकून जगत नाही. पुढच्या आठवड्यात मी रोज नखानं साल खरवडून पाहत होतो, आत हिरवं आहे का. एकेक झाड तपकिरी होत गेलं. एकाच्या बुडातून कोंब फुटला, तो डोळ्याच्या खालून, गावठी गुलाबाचा निघाला. मी तो उपटून टाकला. आपण बरोबर होतो, याचा मला कितीतरी दिवस आधार वाटला.

बायको मुलीला घेऊन परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गोष्ट हसवून सांगण्याची ती पहिली वेळ. वडिलांचा आवाज काढून दाखवला, "पान दिसनार नाई." ती हसली नाही.

"तुमी जातानी सांगतलं होतं का, रोज पाणी टाका म्हणून?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांचं आयुष्य त्यात गेलं."

"मंग तुमी नाई सांगतलं अन् बोलले त्यायले," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन-तीन दिवसांनी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय झालं आहे मामाजीले? आज मले विचारत होते, माठातलं पाणी घेऊ का म्हणून."

माझ्या ते आधीच लक्षात आलं होतं. मी बोललो नव्हतो. वडील आता प्रत्येक गोष्ट विचारून करू लागले होते. बाबू, नळ सुरू करू का? बाबू, खाट बाहेर काढू का? पेपर वाचून झाला असला तं घेऊ का? आवाजात राग नाही, रुसवा नाही. रुसवा असता तर मला सोपं गेलं असतं, रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. ते नुसते विचारत होते, जसं नवीन लागलेला गडी विचारतो. पहाटेच्या अंगणातल्या फेऱ्याही बंद झाल्या. मागच्या दाराशी, कडुलिंबाखाली ते बसून राहत. पुढे आलेच तर गुलाबांच्या जागेकडे न बघता फाटकापर्यंत जात.

मी स्वतःला म्हणत असे, होईल हळूहळू. आणि एक संधी आलीसुद्धा.

मृग लागला आणि मोगरा फुलला. वडिलांनी मोगऱ्याच्याही मुळ्या उघड्या केल्या होत्या, पण मोगरा चिवट. मी बुडाशी माती ओढून थोडं थोडं पाणी दिल्यावर त्यानं धरलं, आणि मग असा फुलला की दारातून जाताना अंगाला फुलं लागायची. त्याआधीच्या कुठल्याच वर्षी तो तसा फुलला नव्हता. ही गोष्ट मी लोकांना सांगताना नेहमी गाळत आलो. गोष्टीत मोगरा आला की ती हसण्याची राहत नाही.

सकाळी बायकोनं ताटलीभर फुलं तोडली आणि ताटली घेऊन सरळ वडिलांपुढे गेली. मी दारात बसून बूट घालत होतो.

"पाहा मामाजी, तुमचा ताण पावला न मोगऱ्याले! मी एवढी फुलं कधी पाह्यली नाई."

वडिलांनी एक फूल उचललं. त्याचं देठ उलटं करून पाहिलं, कळीच्या खालच्या हिरव्या भागावर बोट फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनंही बघितलं. दोघंही थांबले होते. मला काही मोठं बोलायचं नव्हतं. हो बाबा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी बुटाची नाडी ओढली आणि म्हणालो, "मोगरा या दिवसांत फुलतोच."

"हो," वडील म्हणाले. "फुलतेच तो." फूल त्यांनी परत ताटलीत ठेवलं.

बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी सायकल काढून कचेरीत गेलो. त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माझे गुलाब गेले होते आणि तिचा मोगरा फुलला होता, याचा राग होता. पण त्याहून वाईट काहीतरी होतं. मोगरा त्यांच्यामुळे फुलला असं मान्य केलं असतं, तर ते त्या अंगणात पुन्हा मालकासारखे फिरू लागले असते, आणि ते मला नको होतं. त्यांच्या बगीच्यात मी जन्मभर पाणी धरणारा पोरगा होतो. माझ्या आठ पावलांच्या अंगणात तरी मला कोणी मोठं नको होतं.

कचेरीत तोवर गोष्ट चांगलीच पसरली होती. मीच पसरवली होती. टेबलावर पेल्यात फूल का नाही असं लोकांनी विचारलं आणि मी सांगितलं. पावसाळ्यात एका रविवारी माझ्या टेबलाशेजारचा एक सहकारी घरी आला. वडील मागच्या दाराशी होते, त्यांना मी पुढे चहाला बोलावलं. ते येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"तुमीच का काकाजी ते?" सहकारी हसत म्हणाला. "गुलाबाले ताण देनारे? आमी तं हसून हसून मेलो ना कचेरीत!"

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले.

"हो जी. मीच तो."

आणि मग त्यांनी ती गोष्ट स्वतः सांगितली. पहिल्यापासून. पोरगा नागपूरले गेला, म्या टिकास घेतलं, खोद खोद खोदलं. सहकारी पोट धरून हसत होता. मला हसू येईना, कारण वडील माझ्या पद्धतीनं सांगत होते. जिथे मी थांबायचो तिथेच थांबत होते. कुंपणापाशी मास्तरांना, आलेल्या-गेलेल्याला मी सांगत असताना ते आत खाटेवर असत, तेव्हा सगळं ऐकलं असणार. "पान दिसनार नाई" हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, तेसुद्धा त्यांनी मी काढत असे तसा आवाज काढून म्हटलं. पाहुण्याला हसवून झाल्यावर त्यांनी चहा संपवला आणि मला विचारलं, "जाऊ का मी मागं?"

त्या रविवारनंतर मला झोप नीट लागेना असं काही झालं नाही. मला झोप लागायची, मी जेवायचो. पण घरात त्यांचा आवाज आला की तो पुन्हा कसलीतरी परवानगी मागत असायचा. मला ते थांबवायचं होतं. बाबा, मला माफ करा, असं बाप-लेकांत बोलण्याची आमच्याकडे रीत नाही. निदान माझ्याजवळ ते शब्द नव्हते. मला जे सुचलं ते मी केलं. बाजाराच्या दिवशी एका रोपवाल्याकडून संत्र्याचं कलम घेतलं. ओल्या गवतात बांधलेलं, मांडीएवढ्या उंचीचं. सायकलच्या कॅरिअरला बांधून जपत घरी आणलं.

वडील मागे बसले होते. मी कलम त्यांच्यापुढे ठेवलं आणि आपल्या बोलीत म्हणालो, "बाबा, हे तुमच्यासाठी आनलं."

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. आणि थोडा वेळ, खरंच थोडाच वेळ, मला जुने वडील दिसले. त्यांनी डोळा बांधलेल्या जागेवर अंगठा फिरवला, पान उलटं करून खालून पाहिलं, काळं काही आहे का. पान नाकाशी नेलं. "जंभेरीवरचं आहे," ते म्हणाले. ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, ती जंभेरी. "डोळा चांगला बांधला कोनीतरी. चांगलं आहे."

मला इतकं हलकं वाटलं की मी बायकोला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

मग वडील उठले, कलम कडेवर घेतल्यासारखं धरलं आणि विचारलं, "कोठी लावू?"

"तुमाले वाटते तिथं लावा ना, बाबा."

"नाई. तू सांग."

"तुमाले जास्त समजते."

"घर तुयं आहे, बाबू," ते म्हणाले. "तू सांग, तिथं लावतो."

मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. ते हट्टानं करत नव्हते. त्यांना खरोखरच सांगायला हवं होतं.

संत्र्याला ऊन लागतं, हे मला माहीत होतं. त्या घरात उन्हाची एकच जागा होती. पुढची, जिथे गुलाब होते. खड्डे मी बुजवले होते, माती तयार होती. मी मनात म्हटलं, पुढे सांगावं. तोंडापर्यंत आलं. पण दिवाळीनंतर नागपूरहून नवी कलमं आणायची मी ठरवलं होतं आणि त्यासाठीच ती जागा मोकळी ठेवली होती. हा विचार यायला किती वेळ लागतो? वडील कलम घेऊन उभे होते, बायको दारात होती, आणि मी हात उचलून मागच्या भिंतीकडे, कडुलिंबाच्या सावलीत, बोट दाखवलं.

"तिथं बरं राहील," मी म्हटलं.

वडिलांनी वर कडुलिंबाकडे बघितलं. फांद्यांतून किती आभाळ दिसतं ते बघितलं असणार. मग पुढच्या अंगणाकडे, घराच्या बाजूनं जेवढं दिसतं तेवढं, एकदा बघितलं. "बरं," ते म्हणाले.

त्यांनी खड्डा केला. एवढ्या वयात, पावसाळी चिकट मातीत, एकट्यानं. मी टिकास मागितलं तर म्हणाले, "करतो मी. तू सांगतलं ना." बायको केव्हाच आत गेली होती. ते झाड आम्ही त्या क्वार्टरमध्ये होतो तोवर जगलं. उन्हाच्या शोधात भिंतीवरून वाकडं होत गेलं, काटे धरले, पण त्याला कधी फूल आलं नाही. वडिलांनी त्याची जागा चुकली असं कधी म्हटलं नाही. पुढच्या अंगणातल्या नव्या गुलाबांना ते चांगले आहेत म्हणायचे.

कलम लावून, बुडाशी माती पायानं दाबून, त्यांनी हात धुतले. बकेट नळाखाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"पाणी किती टाकू?"

ज्या माणसाला विचारायला दुसऱ्या गावांहून लोक यायचे, तो मला विचारत होता. तुम्हीच ठरवा म्हणण्याची हिंमत आता माझ्यात नव्हती. म्हटलं असतं तर ते पुन्हा नाही म्हणाले असते, आणि तेही मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"एक बकेट टाका," मी म्हणालो.

त्यांनी बकेट काठोकाठ भरली, सावकाश, एकही थेंब बाहेर न जाऊ देता आळ्यात ओतली. बकेट पालथी घालून नळाशी ठेवली. दुपट्ट्याला हात पुसले. मी पुढच्या खोलीत जाऊन बसलो होतो. ते दारापर्यंत आले, आत पाय न टाकता उभे राहिले आणि म्हणाले, "एक बकेट टाकली."